उडत्या किड्यांचे फोटो: शटर किती ठेवायचं आणि एडिटिंगमध्ये किती ओढायचं?

उनाडवारा
नमस्कार मंडळी. बसलेले किडे, कोळी, फुलपाखरं यांचे फोटो आता बऱ्यापैकी जमायला लागलेत, पण उडतानाचा फोटो काढायला गेलं की सगळं गणितच बिघडतं. फुलाशी घोंगावणारी मधमाशी, पाण्यावर घिरट्या घालणारे चतुर, हवेत एका जागी लटकलेली ती होवर फ्लाय नावाची माशी, एकाचाही धड फोटो नाही. कॅमेरा २४ मेगापिक्सेल क्रॉप सेन्सर, लेन्स १०० मिमी मॅक्रो, बाहेरचा एक साधा फ्लॅश आहे पण तो मी लावत नाही कारण फ्लॅशचे फोटो मला कृत्रिम वाटतात. उन्हात शटर १/२००० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर. होतं काय की अंग जरा बरं येतं पण पंखांचा नुसता धूर, किंवा पंख दिसतात तर डोळे फोकसच्या बाहेर, आणि मग लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग ओढत बसलो की किडा प्लॅस्टिकचा दिसायला लागतो.
शटर नक्की किती लागतं? आणि एडिटिंगमध्ये खरोखर सुधारतं काय आणि काय सुधारतच नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धवट_फोकस
प्रकाश टाकण्याबद्दलच हा धागा होणार असं दिसतंय :)
सतरंजी अंथरून बसलोय. माझ्याकडे रिकाम्या फुलांचे अप्रतिम फोटो आहेत, मधमाशी नुकतीच गेलेली.

चतुरवेडी
उनाडवारा, तुम्ही तीन वेगवेगळे प्राणी एकाच सेटिंगवर पकडायला बघताय, अडचण तिथेच आहे. चतुर सेकंदाला साधारण ३०-४० वेळा पंख मारतो, मधमाशी २३० च्या आसपास, फुलपाखरू दहाएक वेळा. फुलपाखराला १/२००० पुरतं, बऱ्याचदा १/१६०० लाही काम होतं. चतुराला मी १/२५०० ते १/४००० ठेवते आणि उन्हात फ्लॅशशिवाय पंखांच्या शिरासुद्धा दिसतात. मधमाशीला मात्र नुसत्या शटरने पंख थांबवायचे म्हणजे अवघडच.
सुरुवात चतुरापासून करा हा माझा आग्रहाचा सल्ला. एक तर आकाराने मोठा, दुसरं म्हणजे बऱ्याच जातींचे नर पाण्याकाठची हद्द राखत असतात, त्याच वाटेने परत परत येतात, मधेच दोन-तीन सेकंद हवेत थांबतात, आणि बसायची काडीही ठरलेली असते. त्याच्या मागे कॅमेरा फिरवत पळण्यापेक्षा दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं, तो कुठे थांबतो ते कळलं की तिथे मॅन्युअल फोकस लावून वाट बघायची. आणि १०० मॅक्रोपेक्षा इथे ३०० मिमी जास्त कामाची, जवळून फोकस होणारी असेल तर फारच छान. नवीन ३०० एफ ४ लेन्सांपैकी काही १.४ मीटरवरून फोकस करतात, त्यात चतुर पुरेसा मोठा येतो आणि मागची पाण्यावरची घाण धूसर होऊन जाते.
टाचण्यांच्या (चतुराच्या सडपातळ भावंडांच्या) नादी इतक्यात लागू नका, त्या बारीक असतात आणि गवताच्या आत आत शिरतात, ऑटोफोकस तर गवतालाच मिठी मारतो.

काळोखी_खोली
चतुरवेडी यांच्याशी सहमत, पण मूळ प्रश्न पंखांचा आहे तर जरा आकडे मांडूया म्हणजे कुणाला अंदाजपंचे वाटायला नको.
मधमाशीचा पंख साधारण एक सेंटिमीटर. तो ९० अंशाच्या आसपास कोनातून पुढे जातो आणि तेवढाच मागे येतो, म्हणजे एका फेरीत पंखाच्या टोकाचा प्रवास तीनेक सेंटिमीटर. सेकंदाला अशा २३० फेऱ्या, म्हणजे टोकाचा सरासरी वेग सेकंदाला ७ मीटर. आता १/४००० सेकंदात ते टोक किती सरकतं? जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर. पंखच दहा मिलिमीटरचा, त्यात पावणेदोनचा फराटा! तुमच्या १/२००० ला तर साडेतीन मिलिमीटर, मग धूर दिसणारच की. १/२०००० ला तेच टोक एक तृतीयांश मिलिमीटरच्या जरा वर सरकतं, तेव्हा कुठे पंख पंखासारखा दिसतो.
चतुराचा पंख चार सेंटिमीटरचा असला तरी फेऱ्या कमी, त्यामुळे टोकाचा वेग तीनेक मीटर भरतो. १/४००० ला पाऊण मिलिमीटरच्या आत, तेही चार सेंटिमीटरच्या पंखावर, म्हणून तिथे शटर पुरतं.
१/२०००० शटर आणायचं कुठून, तर शटरमधून आणायचंच नाही, फ्लॅशमधून आणायचं. तुम्ही जो फ्लॅश पिशवीत ठेवलाय तोच या कामाचं खरं शटर आहे. कॅमेऱ्यावर लावायचे फ्लॅश पॉवर कमी केली की मंद पेटत नाहीत, ते लवकर विझतात. फुल पॉवरला उजेड साधारण १/९०० सेकंद टिकतो, १/१६ पॉवरला १/१०००० च्या आसपास, १/३२ ला १/२००००, आणि १/१२८ ला चांगल्या फ्लॅशमध्ये १/३५००० च्या पुढे. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर तक्ता असतो तो बघा. स्टुडिओतल्या मोठ्या लाइटांना हा नियम सरसकट लावू नका, त्यातल्या जुन्या प्रकारात पॉवर कमी केली की उजेड उलट जास्त वेळ रेंगाळतो.
कॅमेऱ्याचं शटर मग १/२०० किंवा १/२५०, म्हणजे सिंक स्पीडवर (फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान साधं शटर). फ्लॅश मॅन्युअल, १/३२. एफ ११. पॉवर इतकी कमी की फ्लॅश किड्यापासून वीत-दीड वीत अंतरावर आणावा लागेल, त्यावर उजेड मऊ करणारा मोठा डिफ्युझर. एक फ्लॅश कमी पडला तर पॉवर वाढवू नका, दुसरा फ्लॅश आणा. १/३२ वरचे दोन मिळून १/१६ एवढा उजेड देतात पण अवधी १/३२ चाच राहतो.

उनाडवारा
काका, डोक्यात लख्ख उजेड पडला. पण कॅमेऱ्याचं शटर १/२५० म्हणजे तेवढ्या वेळात उन्हामुळे पंख हललेला दिसणार नाही का? आणि हाय स्पीड सिंक आहे माझ्या फ्लॅशला, १/८००० ला लावला तर दोन्ही फायदे मिळतील ना?

काळोखी_खोली
पहिला प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा. भर उन्हात आयएसओ १०० ला १/२००, एफ ११ हे फ्लॅश नसतानाचंच बरोबर एक्सपोजर आहे, म्हणजे ऊन स्वतःच फोटो काढून मोकळं होतं आणि फ्लॅशची प्रतिमा त्यावर बसते. परिणाम काय, शार्प पंखाभोवती भुतासारखी दुसरी सावली. म्हणून फ्लॅशचं काम सावलीत करायचं, किंवा ढगाळ दिवशी, किंवा सकाळी लवकर. फ्लॅश बंद करून एक फोटो काढायचा, तो जवळजवळ काळा आला पाहिजे. निदान तीन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).
हाय स्पीड सिंकचा लोकांचा हा गोंधळ नेहमीचा. त्यात फ्लॅश एकदा चमकून विझत नाही, तो शटरची फट सेन्सरवरून सरकून जाईपर्यंत भराभर पेटत राहतो, म्हणजे जवळपास सलग दिवा लावल्यासारखंच. तिथे हालचाल थांबवतं ते १/८००० चं शटर, फ्लॅश नाही, आणि उजेड इतका पडतो की जणू फ्लॅश लांब नेऊन ठेवलाय. चतुराच्या अंगावरच्या सावल्या भरायला ठीक. मधमाशीच्या पंखांना त्याचा उपयोग बेताचाच.

षट्पदी
काकांच्या गणितात एक पुरवणी. पंखाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. झोका कसा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो तसं पंखाचं, वर किंवा खाली पोचला की उलटायच्या आधी वेग जवळजवळ संपतो. त्या क्षणी फ्लॅश पडला तर १/१०००० लाही पंख लख्ख येतो, आणि मधोमध असताना पडला तर १/२०००० लाही जरा फराटा दिसतो. हे आपल्या हातात नाही, पण खूप फोटो काढून त्यातला निवडताना पंख पूर्ण वर किंवा पूर्ण पुढे असलेले आधी बघावेत, ते शार्पही असतात आणि दिसायलाही डौलदार.
आता थोडं किड्यांच्या बाजूने. फुलावर उतरणारी माशी शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून येते, विमानासारखीच. त्यामुळे वारा आपल्या पाठीवर घेऊन उभं राहिलं की चेहरा मिळतो, नाहीतर बुडांचेच फोटो. हे इतकं साधं आहे पण बहुतेक जण सूर्य बघून जागा निवडतात, वारा बघतच नाहीत.
दुसरं, होवर फ्लायचा नर झाडांमधल्या उन्हाच्या कवडशात एका जागी लटकून असतो, कुणी हाकललं तर गर्रकन जाऊन पुन्हा तिथेच येतो. भुंग्याचे नरही असेच, काही जातींचे नर फुलांच्या आसपास हद्द राखत हवेत तरंगत असतात आणि कॅमेऱ्यालाच प्रतिस्पर्धी समजून समोर येऊन बघतात. भुंगा मोठा, काळा, संथ, आणि नराला नांगी नसते त्यामुळे जवळ जायला हरकत नाही. काळ्या अंगावर फ्लॅशचं चकाकणं मात्र त्रास देतं.
आणि एक विनंती, सगळ्यांनाच. किड्याला फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणं, दोऱ्याने बांधणं, काडीला चिकटवणं, असले उद्योग ‘टिप्स’ म्हणून फिरतात ते करू नका. गारठलेला किडा उडायला लागतो तेव्हाची पोझही विचित्र असते, जाणकाराला लगेच कळतं.

अर्धवट_फोकस
विनंतीला +१००.
वारा पाठीवर हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलं माझ्याकडे बुडांचा एवढा संग्रह का आहे.

मोबाईलवाला
आमच्यासारख्यांनी काय करायचं? मोबाईलच आहे.

चतुरवेडी
मोबाईलवर उन्हात स्लो मोशन व्हिडिओ घ्या, २४० फ्रेमचा. त्यातली एक फ्रेम काढली तर फोटो म्हणून लहानच राहते पण होवर फ्लाय, चतुर यांची हालचाल फार सुंदर दिसते. फोटोच हवा असेल तर प्रो मोडमध्ये शटर हाताने १/४००० ला नेता येतं बऱ्याच फोनमध्ये. मोबाईलचा फ्लॅश म्हणजे साधा एलईडी, त्याच्याकडून १/२०००० ची अपेक्षा नको.

निळापाखरू
इथे सगळे फ्लॅशवर बोलताहेत, पण नवीन मिररलेस कॅमेऱ्यांमुळे खेळ बदललाय ना? इलेक्ट्रॉनिक शटर १/३२००० पर्यंत जातं, माझ्या कॅमेऱ्यात आहे. मग फ्लॅशची कटकट कशाला? शिवाय प्री-कॅप्चर आहे, बटण दाबायच्या आधीच्या फ्रेम्स साठवल्या जातात. फुलावरून माशी उडाली हे बघून मेंदूने बोटाला सांगेपर्यंत ती गेलेली असते, प्री-कॅप्चरमध्ये ती उडायच्या आधीपासूनच्या फ्रेम्स मिळतात. ऑलिंपसने २०१६ मध्येच आणलं होतं हे, आता बऱ्याच कंपन्यांकडे आहे.

काळोखी_खोली
प्री-कॅप्चर खरोखर वरदान, त्याबद्दल दुमत नाही. उड्डाणाचा क्षण पकडायला याहून सोपा मार्ग आजवर नव्हता. १९०४ साली ल्युसियन बुल नावाच्या माणसाने विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात उडत्या किड्यांचं चित्रण केलं, आणि नंतर १९७० च्या दशकात स्टीफन डाल्टनने खास बनवून घेतलेला १/२५००० सेकंदाचा फ्लॅश आणि प्रकाशकिरण तुटला की सुटणारं शटर वापरून मोकळ्या उडणाऱ्या किड्यांचे रंगीत फोटो काढले. त्याचा एक फोटो १९७७ च्या व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत आहे, म्हणजे उडता किडा आंतरतारकीय अवकाशातही पोचला. त्या लोकांनी ज्यासाठी वर्षं घालवली ते आज मेनूमध्ये एक टिक केली की मिळतं.
पण १/३२००० बद्दल सावध राहा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळी-ओळीने वाचतं. प्रत्येक ओळीला १/३२००० मिळतं हे खरं, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत साध्या सेन्सरमध्ये १/१५ ते १/३० सेकंदाचं अंतर असू शकतं. तेवढ्यात मधमाशीचे आठ-पंधरा फटके होऊन जातात! किडा फ्रेमचा थोडाच भाग व्यापतो म्हणून अगदी तितकं वाईट दिसत नाही, तरी पंख केळ्यासारखे वाकलेले, कधी मधेच तुटलेले, कधी एक पंख दोनदा. स्टॅक्ड सेन्सरवाल्या महागड्या कॅमेऱ्यांत हे वाचन १/१५० ते १/२७० सेकंदात होतं, तिथे चतुर बिनधास्त काढा, मधमाशीत तरीही जरा वाकडेपणा राहतो. ग्लोबल शटर आलं की प्रश्नच मिटतो, सोनीचा ए९ तीन २०२३ मध्ये जाहीर झाला तो सगळा सेन्सर एकदम वाचतो आणि १/८०००० पर्यंत जातो. मात्र १/८०००० ला लागणारा उजेड कुठून आणणार हा प्रश्न पुन्हा आहेच, आणि तो पुन्हा फ्लॅशपाशीच येतो :)

निळापाखरू
ओह, म्हणजे माझ्या माश्यांचे पंख वाकडे येतात ते लेन्समुळे नाही. लेन्स विकायला काढणार होतो.

चतुरवेडी
थांबा थांबा, विकू नका!

पिक्सेलमोजणी
धागा छान चाललाय, एडिटिंगचा भाग राहिलाय तो मी घेतो.
सगळ्यात आधी, स्लायडरला हात लावायच्या आधी, फोटो १०० टक्के झूम करून खराब का झालाय ते ठरवायचं. उनाडवारा, तुम्ही प्रत्येक धूसर फोटोला शार्पनिंग लावताय, पण धूसरपणा चार प्रकारचा असतो आणि औषधं वेगळी. एकाच दिशेने ताणलेलं दिसत असेल, डोळ्यावरचा चमकता ठिपका रेषेसारखा झाला असेल, तर ती हालचाल. सगळीकडे सारखं मऊ आणि मागचं किंवा पुढचं पान मात्र शार्प, तर फोकस चुकलाय. तपशील आहे पण वाळू पसरल्यासारखं, तर नॉइज. आणि एक शार्प कडा, शेजारी दुसरी फिकट कडा, तर काकांनी सांगितलेलं भूत. यातला नॉइज एडिटिंगमध्ये छान जातो. थोडीशी हालचाल, थोडा मऊपणा काही अंशी सुधारतो. चुकलेला फोकस सुधारत नाही, कुणी कितीही जाहिरात करो. भूत काढायचं म्हणजे हाताने रंगवणं आलं. तर डोळा शार्प नसेल तो फोटो सरळ उडवा, पंख कितीही सुंदर असले तरी. पंख धूसर आणि डोळा शार्प असेल तर मात्र ठेवा, तो फोटो मेलेला नाही.
आता क्रॉपबद्दल, कारण अर्धे प्रश्न तिथे सुटतात. लोक किडा फ्रेमभर यावा म्हणून अंगावर जातात. तुमच्या क्रॉप सेन्सरवर एफ ११ ला पूर्ण मॅक्रोत (म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा) फोकसची खोली एक मिलिमीटरही भरत नाही, अर्ध्या मॅग्निफिकेशनला अडीच मिलिमीटर, पाव मॅग्निफिकेशनला मात्र नऊएक मिलिमीटर. उडती माशी एका मिलिमीटरच्या पातळीत पकडणं म्हणजे लॉटरी, नऊ मिलिमीटरमध्ये ती बसते. पाव मॅग्निफिकेशनला तुमच्या फ्रेमची रुंदी साधारण साडेनऊ सेंटिमीटर, त्यात ६००० पिक्सेल, म्हणजे मधमाशीच्या वाट्याला आठशेच्या आसपास येतात. स्क्रीनवर टाकायला हे भरपूर आहेत. मागे सरका, मोकळी जागा ठेवा, नंतर कापा. कापताना किडा ज्या दिशेला चाललाय तिकडे जास्त जागा सोडा.
क्रम असा ठेवतो मी. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), त्यावर व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर, मग लगेच नॉइज काढणं, शार्पनिंग त्यानंतर. आधी शार्पनिंग केलं तर वाळूलाच धार येते. लाइटरूमचं एआय डिनॉइज २०२३ मध्ये आलं ते रॉवरच चालतं, ४०-५० च्या वर मी क्वचित नेतो, त्यापुढे अंगावरची लव मेणासारखी होते. फुकटात करायचं असेल तर डार्कटेबलमध्ये प्रोफाइल्ड डिनॉइज आहे, रॉथेरपीमध्ये कॅप्चर शार्पनिंग आहे आणि ते खरंच उत्तम आहे. शार्पनिंगची त्रिज्या लहान, ०.७-०.८, आणि लाइटरूममध्ये मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, काळं-पांढरं चित्र दिसतं, त्यात फक्त किड्याच्या कडा पांढऱ्या राहिल्या पाहिजेत, मागचं आभाळ पूर्ण काळं. हे एक केलं तरी तुमचा प्लॅस्टिकपणा निम्मा जाईल.
पंखांची गोष्ट वेगळी सांगावी लागेल कारण तिथे सगळे घसरतात. पंख पारदर्शक, त्यातून मागचं दृश्य दिसतं. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ केलं की सॉफ्टवेअर अंग बरोबर उचलतं आणि पंख निम्मे कापतं. मग लोक मागची बाजू गडद करतात, पंखाच्या आतली बाजू फिकीच राहते, आणि पंख वरून चिकटवल्यासारखे दिसतात. मागची बाजू गडद करायची असेल तर पंखाच्या आतूनही तेवढीच गडद झाली पाहिजे, मास्क अंगाभोवतीच ठेवा आणि पंखांवरून हलका ब्रश फिरवा. शिरा उठावदार करायला टेक्श्चर थोडंसं, क्लॅरिटी आणि डीहेझ आभाळासमोर अजिबात नको, पंखाभोवती पांढरी किनार येते. शिरांवर जांभळी-हिरवी झाक असेल तर डीफ्रिंज, पण जांभळ्या फुलाचा रंग पळतोय का ते बघत बघत.

उनाडवारा
प्रिंट काढून भिंतीवर लावावा असा प्रतिसाद आहे. वाचनखूण साठवली.
एक शंका, एआय शार्पनिंगची वेगळी सॉफ्टवेअर आहेत त्यांचं काय? एका मित्राने माझाच हललेला चतुर त्यातून काढून दाखवला, डोळ्यात षटकोनी जाळी दिसायला लागली, मी थक्क.

षट्पदी
ती जाळी चतुराची नाही, सॉफ्टवेअरची आहे! संयुक्त डोळ्यातले घटक इतके बारीक असतात की तुम्ही ज्या अंतरावरून फोटो काढलात तिथून ते टिपलेच गेलेले नसतात, मग सॉफ्टवेअर ‘इथे काहीतरी जाळी असावी’ म्हणून भरून टाकतं. पंखांच्या शिरांचंही तेच. चतुरांच्या बाबतीत शिरांची मांडणी, पंखाच्या टोकाजवळचा तो रंगीत ठिपका, यांवरून कूळ आणि कधी कधी जात ओळखतात. असा फोटो ओळख पटवायला कुठे टाकला तर समोरच्याची दिशाभूल होते. आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी आणि ओळखीची वेबसाइट) टाकायचा असेल तर मूळ फोटो, फार तर क्रॉप आणि उजेड.

पिक्सेलमोजणी
सहमत. मी ते सॉफ्टवेअर वापरतो पण हात राखून, आणि मूळ फोटो शेजारी उघडून बघतो की नवीन केस उगवलेत का :)

निळापाखरू
मग एकाच फोटोत माशीच्या पाच-सहा पोझ, फुलाकडे येतानाचा पूर्ण मार्ग दाखवतात ते चालतं का? मला फार आवडतात तसले फोटो.

पिक्सेलमोजणी
का नाही चालणार, फक्त एका फोटोत काढलाय असं म्हणू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस आणि एक्सपोजर मॅन्युअल, बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो). फोटोशॉपमध्ये सगळ्या फ्रेम्स एकाच फाइलमध्ये लेयर म्हणून उघडायच्या. मागची बाजू फ्लॅशमुळे काळी असेल तर वरचे लेयर ‘लायटन’ मोडवर टाकले की काम झालं. उजेडातली हिरवी बाजू असेल तर प्रत्येक लेयरला काळा मास्क लावून तेवढ्यातच किडा रंगवून बाहेर काढावा लागतो. किडे एकमेकांवर चढत असतील तर मधली फ्रेम गाळा. खाली ‘संयुक्त चित्र’ असं लिहा. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा, निसर्गाच्या स्पर्धांत रॉ फाइल मागतात आणि बऱ्याच ठिकाणी हे चालत नाही.

अर्धवट_फोकस
एक वेगळं मत मांडू का? पंख पूर्ण गोठलेली मधमाशी मला टाचणीने टोचून ठेवलेल्या नमुन्यासारखी वाटते. जरासा धूर असला तर ती उडतेय असं वाटतं. सगळेच १/२०००० च्या मागे का?

चतुरवेडी
मला पण! चतुर १/१००० ला काढून बघा, डोके आणि छाती शार्प, पंखांचं टोक हललेलं, फार जिवंत दिसतं. फक्त ते ठरवून केलेलं असावं, नाइलाजाने नको.

काळोखी_खोली
मान्य. आणि दोन्ही एकाच फोटोत हवं असेल तर तेही होतं. फ्लॅश रिअर सिंकवर (शटर बंद होण्याच्या जरा आधी चमकेल असा) लावायचा आणि सावलीचा उजेड दोनच स्टॉप कमी ठेवायचा, म्हणजे आधी पंखांचा हलका फराटा येतो आणि शेवटी त्यावर शार्प किडा. मी ज्याला वर भूत म्हटलं तेच, पण मापात. उनाडवारा यांना फ्लॅशचे फोटो कृत्रिम वाटतात त्याचं बरंचसं कारण काळी पार्श्वभूमी हे असतं. फ्लॅशचा उजेड मागपर्यंत पोचत नाही. फुलामागे हात-दीड हातावर पानांची फांदी असेल अशी जागा निवडा, तिच्यावर उजेड पडतो आणि फोटो दिवसाचा वाटतो. दुसरं कारण डिफ्युझर लहान असणं. डोळ्यावर पांढरा टोचरा ठिपका आला आणि तिथला तपशील जळला की हायलाइट्स स्लायडर कितीही खाली ओढा, काही परत येत नाही.

उनाडवारा
ठीक, मग रविवारचा बेत असा: सकाळी लवकर, सावलीतली फुलं, मागे पानं, वारा पाठीवर, १/२००, एफ ११, फ्लॅश १/३२ वर, पाव मॅग्निफिकेशन, मॅन्युअल फोकस. आयएसओ किती ठेवू?

काळोखी_खोली
४०० पासून सुरू करा. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो, काळा नाही आला तर आयएसओ खाली. फ्लॅश लावून अंधार वाटला तर पॉवरला हात न लावता फ्लॅश जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट.

षट्पदी
आणि फार लवकर नको, गारवा असेल तर मधमाश्या बाहेरच पडत नाहीत. ऊन जरा चढू द्या, सावलीतली फुलं तेव्हाही सावलीतच असतील.

मोबाईलवाला
स्लो मोशन जमलं! होवर फ्लाय! टाकतो संध्याकाळी.